शिशाला चव नसते

शिवचरण मिस्त्री पाणी एकदम पीत नसत. हातपंप दुरुस्त होऊन दांडा नीट चालू लागला की आधी गढूळ पाणी वाहून जाऊ देत, मग ओंजळ धरत. पहिली ओंजळ नुसती हुंगायची. दुसरी तोंडात घेऊन गालांत फिरवायची आणि थुंकून टाकायची. तिसरी प्यायची. प्यायल्यावर क्षणभर डोळे मिटून उभे राहत आणि मग निकाल देत. "हे पानी भाताले बरं हाय. दाळ नाही शिजत याच्यात." किंवा, "गोड हाय पानी, पन उन्हाळ्यात दगा देईल हे बोरिंग." तिकडे हातपंपाला बोरिंगच म्हणतात.

मी तेव्हा पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ म्हणून नवी होते. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून नुकताच वेगळा झाला होता. आमची प्रयोगशाळा म्हणजे भाड्याच्या घरातल्या दोन खोल्या, एक फ्रीज आणि काचेच्या नळ्यांचं एक कपाट. मिस्त्री तीन ओंजळींत जे सांगत ते सांगायला मला तीन दिवस लागत. सुरुवातीला मी त्यांचे निकाल एका वहीत टिपून ठेवी आणि माझ्या आकड्यांशी ताडून पाही. त्यांची चूक सापडावी हाच हेतू. पण डाळ न शिजणारं पाणी दर वेळी जडच निघालं, तेव्हा ती वही मी बंद केली.

त्यांची माझी पहिली भेट झाली तीही माझी चूक निघण्यानेच. कामठ्याच्या रस्त्यावरच्या एका गावात मी पंपाचा दांडा दोनदा हलवला आणि बाटली भरून घेतली. शेजारी एक बुटका, रुंद मनगटांचा माणूस सायकलवरून पाने-पकडी उतरवत होता. हत्यारांची पेटी त्याने सायकलच्या जुन्या ट्यूबने करकचून बांधलेली होती. न विचारता तो म्हणाला, "बाई, हे पायपातलं शिळं पानी हाय. जमिनीतलं नोय. शंभर दांडे मारा पयले, मंग भरा."

मी म्हटलं, "मला माहीत आहे."

"माहीत हाय तं काऊन नाही मारले?"

हे त्यांचं बोलणं. रागाचं नाही, कुजकंही नाही. खरोखर उत्तर हवं असल्यासारखं ते तोंडाकडे बघत राहत. मी बाटली ओतून टाकली. शंभर दांडे त्यांनीच मारले, मोठ्याने मोजत.

त्यानंतर बाहेरगावच्या फेऱ्या मी त्यांच्या सरकारी दुरुस्ती-दौऱ्याबरोबर जुळवू लागले. नवरा नागपूरला नोकरीला, दोन वर्षांची मुलगी सासूबाईंकडे. गोंदियात मी एकटी होते, आणि मिस्त्रींच्या बरोबर दिवस बरा जाई. त्यांच्याबरोबर हिंडताना मला कळलं की पंप उघडण्याआधी ते चपला काढून ठेवतात. देवभक्ती म्हणून नव्हे. "शेनाचा पाय बोरिंगवर नोको," एवढंच कारण. जेवणाचा डबा ते कुणाच्याही ओसरीवर बसून खात नसत, झाडाखालीच खात. कारण विचारावं लागलं नाही. एका गावात पंप दुरुस्त करून आम्ही जरा दूर गेलो, तर एक म्हातारी लगबगीने राख घेऊन आली आणि मिस्त्रींनी धरलेला दांडा घासून घासून धुऊ लागली. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की मी मान खाली घालून चालू लागले. मिस्त्री सायकल थांबवून बघत होते. मग मला म्हणाले, "दांडा तं धुतला म्हातारीनं. पन खाली साठ फूट पायप हाय, तोबी मीच जोडलो. तेले कशी धुईल आता?" आणि पोट धरून हसले. मला हसू आलं नाही. मग त्यांनीही हसणं थांबवलं आणि म्हणाले, "बाई, तुमी कायले लाजता? तुमी थोडी धुवून राहिल्या."

हे वाक्य पुढे मला फार दिवस पुरलं नाही.

ज्या गावाची ही गोष्ट आहे त्याचं नाव लिहीत नाही. त्या गावच्या पोरींची लग्नं आजही त्या नावावरून अडतात. गावाच्या टोकाला नाला, नाल्याच्या काठाला मुरमाची जुनी खदान, आणि खदानीला लागून जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायची भट्टी. मालक बाहेरचा होता. बॅटऱ्यांतलं ॲसिड खदानीत ओतलं जाई, भट्टीची राख आणि फुटक्या खोक्यांचे ढीगही तिथेच. वरून गाव आपला कचरा टाकी. पावसाळ्यात खदान भरून नाल्यात सांडायची आणि नाला पुढे नदीला मिळायचा. खदानीपासून पन्नासेक पावलांवर एक बोरिंग होतं. तिथल्या टोल्याची, म्हणजे वस्तीची, पंचवीसएक घरं त्यावर पाणी भरत.

एक दिवस मिस्त्री प्रयोगशाळेत आले आणि माझ्या टेबलावर पाइपचा एक तुकडा ठेवला. टोकाचे आटे झिजून कागदासारखे झाले होते.

"किती जुना असेल, सांगा."

"दहा वर्षं?"

"मागच्या दिवाळीले मीच टाकलो. वर्सभरात खाल्ला. जे पानी लोखंड खाते ते पोट्ट्याईचं काय करन? त्या टोल्यावर चार पोट्टे पोट धरून बसले हायेत. मी तिथल्या सुरेखाच्या पोरीचं तोंड पाह्यलो. हिरड्यांवर निळी रेघ हाय."

त्यांनी बाटलीही आणली होती, शंभर दांडे मारून भरलेली. मी पाणी तपासलं. ते चांगलंच आंबट, म्हणजे आम्लधर्मी निघालं. शिसं मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं, म्हणून बाटली नागपूरच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवली. पंधरवड्याने निकाल आला. शिसं मर्यादेच्या कितीतरी पट होतं.

तो कागद हातात घेऊन मी आधी मिस्त्रींना शोधलं. साहेबांकडे नंतर गेले. हा क्रम चुकला असं मला पुढे पुष्कळ जणांनी सांगितलं. मला अजूनही वाटतं की त्या सगळ्या प्रकरणात मी बरोबर केलेली गोष्ट तेवढी एकच. मिस्त्री बसस्टँडबाहेर सायकलला हवा भरत होते. मी म्हटलं, "मिस्त्री, त्या पाण्यात शिसं आहे. एक घोटही कुणाला पिऊ देऊ नका. लहान मुलांना तर मुळीच नाही."

ते म्हणाले, "बस. समजलं." आणि हवा अर्धवट भरलेल्या सायकलवर निघाले.

त्याच दुपारी त्यांनी त्या बोरिंगचा दांडा काढून घेतला आणि टोल्यावर घरोघरी सांगितलं की पाण्यात शिसं आहे. आता पाणी आणायचं तर गावाच्या दुसऱ्या टोकाच्या विहिरीवर जावं लागणार होतं. बायका खवळल्या. सुरेखा सगळ्यांत पुढे होती. कडेवर दीड वर्षाची पिंकी. ती मिस्त्रींना म्हणाली, "तुया बापाचं हाय का बोरिंग? माह्या डोक्यावर पान्याचे तीन गुंड, कडेवर पोरगी, आन् तू दांडा घेऊन चाललास?" मिस्त्रींनी दांडा सायकलला बांधला आणि म्हणाले, "शिव्या दे माय, पन पानी नोको पिऊ."

हे मला त्यांनीच सांगितलं, सुरेखाच्या आवाजाची नक्कल करून.

साहेब म्हणजे आमच्या कार्यालयाचे प्रमुख. वाईट माणूस म्हणावा असे ते नव्हते. वाढदिवस लक्षात ठेवणारे, मृदू बोलणारे गृहस्थ. त्यांनी नागपूरचा कागद वाचला, घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. म्हणाले, "मॅडम, हा नमुना कोणी घेतला? मिस्त्रीने. मिस्त्रीला नमुना घ्यायचा अधिकार आहे का? नाही. म्हणजे हा कागद आपल्याकडे आलेला नाही. आपण रीतसर नमुना घेऊ." भट्टीच्या मालकाचे वर कुठे कुठे हात पोचतात हे त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. जाता जाता मात्र म्हणाले, "तुमचा नागपूरचा बदलीचा अर्ज माझ्याच शिफारशीसाठी पडून आहे. लहान मुलगी आहे ना तुमची?"

दुसऱ्या दिवशी आम्ही जीपने गेलो. जीप थांबली ती दुसऱ्या टोकाच्या विहिरीपाशी. वरच्या अंगाला, खदानीपासून लांब. साहेब म्हणाले, "इथला घ्या." मी बाटली भरली. अहवालात लिहिलं, 'गावातील सार्वजनिक स्रोताचे पाणी पिण्यास योग्य.' त्यात एकही शब्द खोटा नव्हता. ती विहीर सार्वजनिक होती आणि तिचं पाणी चांगलंच होतं.

मग मिस्त्रींची चौकशी लागली. सरकारी मालमत्तेची मोडतोड आणि अफवा पसरवणं. चौकशीसाठी बाहेरून एक अधिकारी आले होते. मला तज्ज्ञ म्हणून बसवलं होतं. मिस्त्री इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले होते आणि खुर्ची दिली तरी उभेच राहिले.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "पाण्यात शिसं आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखत होते. खरोखर उत्तर हवं असल्याची. मी बोलेन म्हणून ते थांबले होते. किती वेळ थांबले असतील? पाच-सात क्षण. मी समोरच्या कागदावरचा शिक्का वाचत होते. तो शिक्का आमच्याच कार्यालयाचा होता आणि मी तो अक्षर न् अक्षर वाचला.

"कोनी नाही सांगतलं, साहेब," मिस्त्री म्हणाले. "मी पानी चाखलो. मले समजलं."

खोलीत हशा पिकला. अधिकारी माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही केमिस्ट्रीच्या. शिशाची चव लागते का पाण्याला?"

मी म्हटलं, "नाही. शिशाला चव नसते."

तेही खरंच होतं. पुस्तकात आहे. ते पाणी आंबट आहे आणि आंबट चव कळते, हे मी सांगू शकले असते. पाइपचा तो तुकडा माझ्या टेबलाच्या खणात होता. मी चव नसते एवढंच म्हणाले. लिहिणाऱ्याने ते लिहून घेतलं. मिस्त्री मला वाचवायला खोटं बोलले होते आणि मी खरं बोलून त्यांना खोटं पाडलं.

बाहेर पडताना ते माझ्या शेजारून गेले. काही म्हणाले असते तर बरं झालं असतं.

त्यांच्यावर ठपका ठेवून त्यांना दरेकशाच्या बाजूच्या जंगलातल्या गावांवर पाठवलं. बोरिंगला नवा दांडा बसला. चार महिन्यांनी माझी नागपूरला बदली झाली. मुलगी मला पाहून आधी लाजली, मग दोन दिवसांनी चिकटली. त्या काळात मी स्वतःला पुष्कळ समजावलं. एकटी बाई, नवी नोकरी, मी बोलले असते तरी काय झालं असतं. ही वाक्यं वर्षानुवर्षं उपयोगी पडतात. फक्त घरी मुलीला पाण्याचा पेला देताना ती वाक्यं अडायची.

दहाएक वर्षांनी भट्टी बंद पडली होती आणि मालक निघून गेला होता. नाल्याच्या खालच्या अंगाला गुरं मेली, कोणीतरी न्यायालयात गेलं, आणि ती जागा तपासून साफ करण्याचा आदेश निघाला. मी तोवर नागपूरच्या प्रयोगशाळेत वरच्या हुद्द्यावर होते. पथकात माझं नाव आलं. नाही म्हणता आलं असतं. गेले, कारण नाही म्हणण्याचं कारण कागदावर काय लिहायचं ते सुचलं नाही.

खदान केव्हाच बुजली होती. वरून मुरूम, कचरा, बेशरमाची झुडपं. कुठे खोदायचं हेच कळेना. नकाशा नव्हता, भट्टीची कागदपत्रं नव्हती. यंत्राने चार ठिकाणी भोकं पाडली, चारही ठिकाणी स्वच्छ माती निघाली. तेव्हा गावातला एक म्हातारा म्हणाला, "आमचा शिवचरण मिस्त्री राहता तं बोट ठेवून सांगता."

ते निवृत्त होऊन दरेकशालाच राहिले होते. आणायला मीच गेले. अंगणात सुपात मोहफुलं निवडत बसले होते. केस पांढरे, मनगटं तेवढीच रुंद. मला पाहून उठले, पाणी दिलं आणि म्हणाले, "बोला बाई." मी काम सांगितलं. पुढचं एक वाक्यही न विचारता त्यांनी सदरा चढवला.

दुसऱ्या दिवसापासून ते रोज आमच्या आधी जागेवर हजर असत. हातात सब्बल, म्हणजे लोखंडी पहार. ती जमिनीत ठोकत आणि आवाज ऐकत. "इथं मुरूम हाय. इथंबी मुरूम. इथं पोकळ वाजते, बॅटऱ्याईचे खोके हायेत खाली." यंत्र तिथे लावलं की काळी राख आणि बॅटऱ्यांचे तुकडे निघत. सगळी खदान त्यांनी अशी आखून दिली. नाल्याकडे कुठून पाणी पाझरतं तेही दाखवलं. मग जवळजवळ दोन महिने ती राख आणि माती जाड प्लास्टिकच्या थैल्यांतून ट्रकने जात राहिली. खड्ड्याच्या तळाला चिकणमाती दाबून बसवली, नाल्याला बांध घातला, ते बोरिंग सिमेंटने कायमचं बंद केलं आणि टोल्यावर दुसरीकडून नळ आणला. तोंडाला फडकं बांधायला सांगितलं तर मिस्त्री बांधत, पण हातमोजे काढून टाकत. "मोज्यानं हाताले कायी समजत नाही," म्हणत.

पथकाच्या अहवालात त्यांचं नाव घालण्यासाठी मी भांडले. घातलंही. 'स्थानिक माहितगार' म्हणून. एवढं भांडल्याचं मला समाधान वाटलं, आणि त्या समाधानाचीच पुढे लाज वाटली.

काम संपायच्या दिवशी दुपारी आम्ही दोघं बांधावर उभे होतो. मी म्हटलं, "मिस्त्री, त्या चौकशीच्या दिवशी मी..."

त्यांनी हात वर केला. "मले नोको सांगा. माह्यं काय गेलं? दरेकशाले गेलो, हवा चांगली हाय तिकडची. तुमाले सांगाचंच हाय तं सुरेखाले सांगा. पानी तिनं पेलं."

मी हातातले कागद चाळू लागले.

"चला," ते म्हणाले आणि चालूही लागले.

सुरेखाचं घर टोल्याच्या कडेला होतं. मिस्त्रींनी दारातून हाक दिली, "सुरेखा, बाई आल्या हायेत. तुले कायी सांगाचं हाय त्याईले." आणि ते स्वतः आत न येता रस्त्यापलीकडे जाऊन मोरीच्या कठड्यावर बसले.

सुरेखाने खाट टाकली. उंबऱ्यापाशी एक मुलगी तांदूळ निवडत बसली होती. अंगाने लहानखुरी. बारा वर्षांची असावी तर दिसायला आठाची. खडे आणि तांदूळ ती दोन्ही एकाच वाटीत टाकत होती. मला पाहून छान हसली.

"पिंकी हाय," सुरेखा म्हणाली. "शाळेत दुसरीच्या पुढे नाही गेली. डोकं चालत नाही तिचं. मास्तर म्हनते, घरीच राहू द्या." मग माझ्याजवळ सरकून हळू आवाजात म्हणाली, "माह्यीच चूक असन बाई. पोटात होती तवा मी उपास लय केली. सासू नोको म्हने, मीच आयकली नाही. तेच भोवलं पोरीले."

मी तोंड उघडलं. सांगायला एकच वाक्य होतं. तुझी चूक नाही, ते पाणी होतं आणि मला माहीत होतं. एवढंच. माझ्या तोंडून निघालं, "नळाचं पाणी आता चांगलं आहे. तेच प्या."

"हो बाई. गोड हाय नळाचं पानी." तिने चहा ठेवला. मी तो प्यायले. पिंकीने निवडलेले तांदूळ मला दाखवले, मी "छान" म्हटलं आणि उठले.

मिस्त्री कठड्यावर तसेच बसले होते. मला येताना पाहून उभे राहिले.

"सांगतलं?"

"हो," मी म्हटलं.

"काय म्हनली?"

"काही नाही. रडली."

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, त्यांना कळलं. पण त्यांचा चेहरा हळूहळू सैल पडत गेला. म्हणाले, "बाई, खरं सांगतो. इतके वर्स तुमच्याबद्दल माह्या मनात लय वाईट होतं. आता नाही."

आणि इतक्या वर्षांत कधी न केलेली गोष्ट त्यांनी केली. दोन्ही हात जोडून, किंचित वाकून मला म्हणाले, "जयभीम, बाई."

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. मला त्यांच्या मुलाच्या फोनवरून कळलं. पण मला दिसतात ते त्या दुपारचेच. धानाच्या बांधावरून सायकल हातात धरून, हलक्या पावलांनी, मान वर करून चाललेले. मध्येच त्यांनी वळून पाहिलं आणि हात हलवला. मीही हलवला.